दिवे बदलण्यापूर्वी प्रकाश मोजा

कार्यालयाचे वीजबिल वाढले की पहिला संशय वातानुकूलन यंत्रावर घेतला जातो. छतावरच्या दिव्यांकडे लक्ष जाते ते एखादी ट्यूब लुकलुकू लागली तरच. वास्तविक कार्यालय, दुकान, रुग्णालय, बँकेची शाखा अशा व्यापारी वास्तूंत दिवे दिवसाचे दहा-बारा तास अखंड जळतात. जिने आणि तळघरातील वाहनतळ येथे तर चोवीस तास. घरातला दिवा आणि कार्यालयातला दिवा यांत मुख्य फरक वॉटचा नसून तासांचा आहे. म्हणूनच दिवाबत्तीच्या सुधारणेत गुंतवलेला पैसा येथे लवकर परत मिळतो. मात्र जुनी ट्यूब काढून त्या जागी एलईडी बसवली की काम संपले, ही समजूत अपुरी आहे.

जुन्या ट्यूबचा खरा खर्च

ट्यूबच्या नावातील ‘टी’नंतरचा आकडा तिची जाडी सांगतो. ही जाडी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. टी-१२ म्हणजे दीड इंच व्यासाची जुनी जाड ट्यूब, टी-८ म्हणजे एक इंचाची, तर टी-५ त्याहूनही बारीक. चार फुटी टी-१२ ट्यूब ४० वॉटची, टी-८ ही ३६ वॉटची आणि टी-५ ही २८ वॉटची असते. पण हे झाले ट्यूबचे वॉट. तांब्याच्या तारेचा जुना चोक स्वतःच साधारण १२ वॉट खातो. म्हणजे ३६ वॉटची म्हणून घेतलेली ट्यूब मीटरवर सुमारे ४८ वॉट नोंदवते. इलेक्ट्रॉनिक चोकमुळे ही गळती बरीच घटते.

एलईडीमध्ये अर्धवाहकातून वीज जाताना थेट प्रकाश निर्माण होतो. निळा प्रकाश देणाऱ्या डायोडच्या शोधामुळे पांढरा एलईडी शक्य झाला आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. आपल्याकडे ‘उजाला’ योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्बची किंमत २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. ‘एलईडी परवडत नाही’ ही सबब तेव्हाच निकालात निघाली.

एक साधा हिशेब

समजा, ८०० चौरस मीटरच्या कार्यालयात टी-८ ट्यूबच्या शंभर दुहेरी फिटिंग आहेत. दोनशे ट्यूब, प्रत्येकी चोकसह ४८ वॉट, म्हणजे ९.६ किलोवॉट. रोज दहा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरल्यास २८,८०० युनिट होतात. त्या जागी २० वॉटच्या दोनशे एलईडी ट्यूब लावल्यास भार ४ किलोवॉटवर येतो आणि वापर १२,००० युनिटांवर. बचत १६,८०० युनिट. युनिटला १२ रुपये दर धरला तर वर्षाला २,०१,६०० रुपये वाचतात. ट्यूब आणि वायरमनची मजुरी मिळून नगामागे ४०० रुपये धरले तर एकूण खर्च ८०,००० रुपये. तो पाच महिन्यांच्या आत वसूल होतो.

याशिवाय एक बचत सहसा हिशेबात घेतली जात नाही. दिव्याने वापरलेली वीज अखेर उष्णतेच्या रूपात खोलीतच उरते आणि ती बाहेर काढण्याचे काम वातानुकूलन यंत्राला करावे लागते. चांगल्या यंत्राला तीन युनिट उष्णता बाहेर टाकण्यासाठी सुमारे एक युनिट वीज लागते. म्हणजे बंदिस्त वातानुकूलित जागेत दिव्यांवर वाचलेल्या तीन युनिटांमागे चौथे युनिट जवळपास फुकट वाचते.

वॉट नव्हे, लक्स

कामाच्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजतात. भारतीय मानकानुसार सर्वसाधारण कार्यालयीन कामासाठी ३०० ते ५०० लक्स पुरेसे असतात. येण्याजाण्याच्या मार्गांवर १०० लक्सच्या आसपास चालते. लक्समीटर हे फार महागडे उपकरण नव्हे. टेबलांवर, मार्गिकांत, खिडकीपाशी आणि कोपऱ्यांत मोजणी करून नकाशावर आकडे टिपले की अनेक वास्तूंत दुहेरी दोष दिसतो. मार्गिका लखलखीत असतात आणि टेबलावर मात्र कपाटाची किंवा माणसाची स्वतःचीच सावली पडलेली असते.

अशा ठिकाणी जेवढ्या ट्यूब तेवढ्याच एलईडी बसवणे म्हणजे जुनी चूक नव्या दिव्यांनी कायम करणे होय. जेथे प्रकाश गरजेपेक्षा जास्त आहे तेथे फिटिंग कमी करावीत, जेथे अंधार आहे तेथे हलवावीत. भिंती व छत फिकट रंगाचे ठेवले तर तोच प्रकाश अधिक पुरतो. बचतीच्या नावाखाली टेबलावरचा प्रकाश घटवू नये. कर्मचाऱ्याच्या डोळ्यांवर ताण देऊन वाचवलेली वीज ही बचत नव्हे.

ट्यूब बदलावी की फिटिंग?

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवणे स्वस्त पडते. तथापि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. थेट विजेवर चालणाऱ्या एलईडी ट्यूबसाठी चोक व स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. चोकसह चालणाऱ्या ट्यूबही मिळतात, पण त्यात चोकची गळती चालूच राहते. जोडणी बदललेल्या प्रत्येक पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवणे अत्यावश्यक आहे; अन्यथा काही वर्षांनी कोणी अजाणतेपणे जुनी ट्यूब लावेल आणि अपघाताला निमंत्रण मिळेल. पट्टी गंजली असेल, तिचे पकड-सॉकेट सैल झाले असतील किंवा फॉल्स सीलिंगचे काम निघणारच असेल, तर संपूर्ण फिटिंग बदलणे श्रेयस्कर.

खरेदी करताना वॉटऐवजी ल्युमेन पाहावेत, म्हणजे दिवा एकूण किती प्रकाश देतो ते. रंगांचे यथार्थ दर्शन सांगणारा निर्देशांक ८० च्या वर असावा. कापड वा दागिन्यांच्या दुकानांत त्याहून अधिक. कार्यालयासाठी ४,००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश डोळ्यांना सुसह्य वाटतो. आपल्याकडे सर्रास विकला जाणारा ६,५०० केल्विनचा निळसर प्रकाश सर्वत्र हवाच असे नाही. पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर असावा. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर होत असल्याने हलक्या दर्जाच्या उपकरणांचा भुर्दंड थेट बिलात उतरतो. ‘आयुष्य ५०,००० तास’ या दाव्याचा अर्थही समजून घ्यावा. एलईडी सहसा एकाएकी विझत नाही, हळूहळू मंदावते. मूळ प्रकाशाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे तिचे आयुष्य. स्वस्त मालात त्याआधीच बिघडतो तो आतला ड्रायव्हर. म्हणून भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आणि लेखी हमी यांचा आग्रह धरावा.

न जळणारा दिवा सर्वांत स्वस्त

अनेक कार्यालयांत एका बटणावर अर्धा मजला उजळतो. एक कर्मचारी उशिरापर्यंत थांबला की चाळीस दिवे त्याच्यासोबत जागे राहतात. खिडकीलगतच्या ओळीला स्वतंत्र बटण दिल्यास भर दुपारी ती बंद ठेवता येते. बैठकीची खोली, स्वच्छतागृह, भांडारगृह येथे माणसाची चाहूल घेणारे सेन्सर बसवावेत. वाहनतळात पूर्ण अंधार न करता, हालचाल नसताना प्रकाश मंद होईल अशी व्यवस्था करावी. जिन्यातील व आपत्कालीन मार्गावरील दिव्यांना मात्र बचतीच्या योजनेतून वगळावे.

कायदा आणि पारा

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ मध्ये स्थापन झाला. व्यापारी इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली. तीत कार्यालयातील दिव्यांच्या भाराची मर्यादा दर चौरस मीटरला १०.८ वॉट होती, २०१७ च्या आवृत्तीत ती ९.५ वॉट झाली. वरच्या उदाहरणातील कार्यालय १२ वॉटवरून ५ वॉटवर येते, हे येथे लक्षात घ्यावे. जुन्या इमारतीसाठीही हा आकडा मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ साली जिनिव्हा येथे फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. भारतही या करारात आहे. म्हणजे जुन्या ट्यूब पुढे मिळणेही कठीण होत जाणार. काढलेल्या ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नयेत. अखंड बांधून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवाव्यात. कंत्राटातच तशी अट घालावी.

खर्च कोणी करायचा?

बहुतेक ठिकाणी सुधारणा अडते ती तंत्रापाशी नव्हे, तर या प्रश्नापाशी. गाळा मालकाचा, बिल भाडेकरूचे. साहजिकच दोघेही थांबतात. परंतु वसुलीचा काळ वर्षाच्या आत असेल तर तीन वा पाच वर्षांच्या करारावर असलेल्या भाडेकरूलाही स्वतः खर्च करणे परवडते. सामाईक जागेचा खर्च सोसायटीने करावा आणि आरंभही तेथूनच करावा, कारण तेथील दिव्यांचे तास सर्वाधिक असतात. भांडवल नसल्यास ऊर्जा सेवा कंपनी आधी खर्च करते आणि बचतीतून तो वसूल करते. ईईएसएल या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाशी असाच करार केला होता. अशा करारात बचत कशी मोजायची हे आधीच ठरलेले असावे. त्यासाठी दिवे बदलण्यापूर्वीचे लक्स, वॉट आणि तास यांची नोंद हाताशी हवी. ती नसेल तर बचत झाली की नाही, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.