ओझर ते गंगापूर : नाशिकच्या द्राक्षांचा वाइनपर्यंतचा प्रवास

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात, वाटाड्यासह दिवसभर सायकलने द्राक्षबागांतून फिरवणाऱ्या आणि वाटेतल्या वायनऱ्यांत वाइनची चव घेऊ देणाऱ्या सहली आज निघत असल्या, तरी ज्या उद्योगाच्या आधारावर त्या चालतात तो जेमतेम पाव शतकाचा आहे, आणि ज्या शेतीतून तो निघाला ती त्याच्या चौपट जुनी आहे. जिल्ह्यातील व्यापारी द्राक्षशेतीचा आरंभ १९२५च्या सुमारास ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केला, असे मानले जाते.

या शेतीचे खरे कसब छाटणीत आहे. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतो; नाशिकला तेवढी थंडी नसल्याने बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या तयार होतात, तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्याच काड्यांवर घड येतात, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट हाताने लावली जाते. त्यामुळे युरोपात शरदाच्या सुमारास होणारी तोडणी येथे जानेवारी ते मार्चमध्ये होते.

खाण्याच्या द्राक्षांचे हे ज्ञान वाइनला जसेच्या तसे लागू पडले नाही. बाजाराला मोठे, बिनबियांचे मणी हवे असतात, तर वाइनसाठी लहान, जाड सालीचे आणि बियांचे मणी लागतात व उत्पादन मुद्दाम कमी ठेवावे लागते. महाराष्ट्रात १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसती वाइन काढली होती. नाशिकमध्ये मात्र राजीव सामंत यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली वाइन २०००मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क, म्हणजे वायनऱ्यांसाठी राखीव औद्योगिक क्षेत्रे, आखली. वाइन पिण्याची परंपरा नसलेल्या मुलखात हा उद्योग इतक्या झपाट्याने रुजला, याचे श्रेय रसिकतेपेक्षा या सवलतीला अधिक द्यावे लागते.

सवलतीच्या आधारावर झपाट्याने वाढलेल्या या उद्योगाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. २००८च्या मंदीनंतर मागणी घटली, माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींचे वेल उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. दारात आलेल्या पाहुण्याला बाग दाखवून तिथेच बाटली विकण्याचे महत्त्व वायनऱ्यांना या पडझडीनंतर अधिक पटले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे उत्पादनाचे नाव त्याच्या मूळ प्रदेशापुरते राखून ठेवणारी कायदेशीर नोंद, याही गोष्टीचा पर्यटनाला उपयोग झाला.

सायकलच्या सहली बहुधा धरणाकाठच्या वायनऱ्यांभोवती फिरतात. दोन छाटण्यांचे तंत्र जिथे पिढ्यान्‌पिढ्या मुरले, तो ओझर-पिंपळगावचा पट्टा मात्र त्यांच्या वाटेवर क्वचितच येतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने ही त्या सहलींची मोठी उणीव आहे.