शॅम्पेनचे बुडबुडे आणि स्वच्छ करमणूक

मागचे काही भाग आपण लढायांत घालवले. आज बंदूक नाही, अकॉर्डियन आहे. आमच्या नेहमीच्या प्रेक्षकांपैकी बडोद्याचे, इंदूरचे, हैदराबादचे लोक म्हणतील, कर्नलसाहेब आता गाण्याबजावण्यावर बोलणार का? बोलणार. आणि शेवटी माझी एक चूकही सांगणार, म्हणून जरा थांबा.

माझी मुलगी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात राहते. तिच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिथल्या सार्वजनिक टीव्हीवर एक कार्यक्रम लागला. निळ्या, पिवळ्या, आंब्याच्या रंगाच्या सुटांतले वादक, केसांची घडी जराही न मोडलेल्या गायिका, मागून तरंगत येणारे साबणाचे बुडबुडे, आणि मधोमध छडी घेऊन उभा असलेला एक ताठ म्हातारा. इंग्रजी असं बोलत होता की मला वाटलं परदेशी पाहुणा असावा. जावई म्हणाला, बाबा, हा लॉरेन्स वेल्क. वारून कितीतरी वर्षं झाली, पण हे अजून चालू आहे. आमच्या शेजारच्या आजी शनिवारी या वेळेला फोन उचलत नाहीत.

फौजी माणसाला शिस्तीतला बँड दिसला की पाय आपोआप थांबतात. मी बसलो आणि मग वाचत गेलो.

वेल्क जन्मला ११ मार्च १९०३ रोजी, नॉर्थ डकोटातल्या स्ट्रासबर्ग या खेड्यात. आईवडील जर्मन बोलणारे, पण आलेले रशियाच्या साम्राज्यातून, ओडेसाच्या बाजूने. घरात जर्मन, गावात जर्मन, चर्चमध्ये जर्मन. त्यामुळे अमेरिकेत जन्मूनही याचं इंग्रजी कायम उसनं राहिलं. शाळा चौथीतच सुटली. पोराला अकॉर्डियनचं वेड. चांगलं वाद्य हवं तर चारशे डॉलर. शेतकऱ्याच्या घरी त्या काळी चारशे डॉलर म्हणजे काय, ते आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. बापानं करार केला: वाद्य घेऊन देतो, पण वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत शेतात राबायचं आणि वाजवून जे मिळेल ते घरात द्यायचं. पोरानं करार पाळला, आणि एकविसाव्या वाढदिवसाला घर सोडलं. आमच्याकडे याला बाँड पूर्ण करणं म्हणतात.

मग गावोगावचे नाच, लग्नं, १९२७ पासून यँक्टनच्या रेडिओ केंद्रावर वादन, हॉटेलं, नाचघरं. त्याच्या हलक्या, फेसाळत्या वादनाला कुणीतरी शॅम्पेनची उपमा दिली आणि ‘शॅम्पेन म्युझिक’ हे नाव कायमचं चिकटलं. गंमत बघा, पुढे अमेरिकेतला सगळ्यात सोज्वळ समजला गेलेला कौटुंबिक कार्यक्रम दारूच्या नावानं ओळखला गेला आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

१९५१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्थानिक वाहिनीनं समुद्राकाठच्या अ‍ॅरगॉन नाचघरातून त्याचा बँड दाखवायला सुरुवात केली. २ जुलै १९५५ ला एबीसीनं तो देशभर नेला, तोही उन्हाळ्यापुरता, बदली खेळाडू म्हणून. तो सोळा वर्षं तिथंच राहिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री लेनन घराण्यातल्या चार बहिणी पहिल्यांदा गायल्या. त्यातली धाकटी जॅनेट नऊ वर्षांची. त्या चौघींची ओळख झाली ती वेल्कच्या मुलामुळे, तो त्यांच्या शाळेतला. त्या देशानं त्या मुलींना पडद्यावर मोठं होताना पाहिलं.

आता एक आपल्या कामाची गोष्ट. १९६१ च्या फेब्रुवारीत वेल्कची एक धून बिलबोर्डच्या यादीत पहिली आली. वय ५७. नाव काय? ‘कलकत्ता’! मी उत्साहानं ऐकली. माझं कलकत्त्यात पोस्टिंग झालेलं, त्यामुळे कान टवकारले. हुगळी नाही, ट्राम नाही, शिंगाडा-चहा नाही. मुळात ती हाइनो गात्से या जर्मन संगीतकाराची चाल, आधी तिचं नावच वेगळं होतं. वेल्कच्या बँडनं त्यात हार्प्सिकॉर्ड वाजवलं आणि रेकॉर्ड तुफान खपली. कलकत्त्याशी तिचा संबंध नावापुरता. पण चाल चांगली आहे, सकाळी दाढी करताना गुणगुणण्यासारखी.

हे सगळं गोड आहे. पण या ‘स्वच्छ’पणाची किंमत कुणीतरी भरत होतं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अ‍ॅलिस लॉन ही त्याची ‘शॅम्पेन लेडी’, म्हणजे मुख्य गायिका. १९५९ साली तिला काढलं. पैशाचे आणि गाण्यांच्या निवडीचे वादही होते असं म्हणतात, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच कारण: टेबलावर बसून गाताना तिचा गुडघा दिसला. प्रेक्षकांची हजारो पत्रं आली. आणि ती वेल्कचं अभिनंदन करणारी नव्हती, चिडलेली होती! ज्या आजीबाईंची लाज राखायला बाईला काढलं, त्याच आजीबाई पेन घेऊन बसल्या. वेल्कनं तिला परत बोलावलं. ती आली नाही.

दुसरा माणूस आर्थर डंकन. टॅप नाचणारा, कृष्णवर्णीय. १९५४ मध्ये बेटी व्हाइटनं त्याला आपल्या कार्यक्रमात घेतलं तेव्हा दक्षिणेतल्या केंद्रांनी ओरड केली, तिनं ऐकलं नाही, पण तो कार्यक्रमच त्या वर्षी बंद पडला. १९६४ पासून डंकन वेल्ककडे नियमित नाचू लागला, आणि १९८२ पर्यंत नाचत राहिला. ज्या कार्यक्रमाला पुढारलेले लोक जुनाट म्हणून हसत, त्यानं हे करून दाखवलं. मात्र त्या मोठ्या ताफ्यात कृष्णवर्णीय चेहरा तेवढाच, हेही त्याच दमात सांगायला हवं.

१९७१ मध्ये तर धमाल झाली. कार्यक्रमातल्या एका जोडीनं एक नवं गाणं अगदी देवळात गावं तसं गायलं. ते गांजाच्या झुरक्यावरचं गाणं होतं. वेल्कनं शेवटी त्याला आधुनिक भक्तिगीत म्हटलं. गाळणी लावणाऱ्याला आपण काय गाळतोय ते नेहमी कळतंच असं नाही!

त्याच वर्षी एबीसीनं कार्यक्रम बंद केला. प्रेक्षक कमी झाले म्हणून नव्हे, प्रेक्षक म्हातारे झाले म्हणून. जाहिरातदारांना तरुण खरेदीदार हवे होते, आणि वेल्कच्या मध्ये झळकायची ती शक्तिवर्धक टॉनिकं आणि कवळी साफ करायची गोळी. सीबीएसनंही त्याच सुमारास खेड्यापाड्यांवरच्या मालिका झाडून काढल्या, १९४८ पासून चालू असलेला एड सलिव्हनचा प्रसिद्ध कार्यक्रमही संपला. वेल्कनं काय केलं? केंद्राकेंद्रांशी थेट करार केले. दोनशेहून जास्त केंद्रं, म्हणजे एबीसीकडे होती त्याहून अधिक. पुढं अकरा वर्षं तो चालला. सेनापतीनं तोफखाना काढून घेतल्यावर पायदळावर लढाई जिंकावी तसं. मे १९९२ मध्ये तो वारला. त्याआधीच, १९८७ पासून, ओक्लाहोमाच्या सार्वजनिक टीव्हीनं जुने भाग पुन्हा सुरू केले होते, आणि तेच मी सोफ्यावर बसून पाहत होतो.

आपल्याकडे हा प्रश्न टीव्हीच्याही आधी रेडिओवर आला. १९५२ नंतर माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे खरे जाणकार. त्यांना सिनेमाची गाणी हीन वाटली. ऑल इंडिया रेडिओवरून ती आधी आक्रसली आणि निर्मात्यांशी वाद झाल्यावर जवळजवळ गेलीच. लोकांनी काय केलं? सुई सिलोनकडे फिरवली. बिनाका गीतमाला ऐकायला आख्खा देश दुसऱ्या देशाचं केंद्र लावू लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. फौजी भावांसाठीची ‘जयमाला’ पुढं त्याच विविध भारतीवर लागायची, त्याबद्दल मी सरकारचा ऋणी आहे. आणि हो, १९४० पासून सत्तरच्या दशकापर्यंत रेडिओवर पेटीलाही बंदी होती. पेटी म्हणजे अकॉर्डियनची सख्खी बहीण, दोघींच्या पोटात रीडच. वेल्क इकडे जन्मला असता तर त्याला स्टुडिओच्या दारातूनच परत पाठवलं असतं.

आता माझी चूक.

१९८७ च्या सुमारास मी कॅप्टन होतो. पलटणीचा बडा खाना, कुटुंबं येणार, आणि सांस्कृतिक कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर. आमच्यात एक जवान होता, घरात तमाशाची परंपरा, आजोबा ढोलकी वाजवायचे. तो शालू नेसून लावणी करायचा. नुसतं सोंग नव्हे, कला होती ती. पायातले चाळ, डोळ्यांची भाषा, सगळं शिकलेलं. महिनाभर तालीम झाली. दोन दिवस आधी मी तो नंबर काढला. वरून कुणीही काही सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, मॅडम लोक बसणार आहेत, बरं दिसणार नाही. त्या जागी दोन देशभक्तिपर गाणी टाकली.

त्याला बोलावून सांगितलं. “ठीक है साहब,” एवढंच म्हणाला. सॅल्यूट केला, गेला. बराकीत त्यानं शालूची घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवला, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रम स्वच्छ झाला. टाळ्या पडल्या, रीतीपुरत्या. दुसऱ्या दिवशी सुभेदार मेजर साहेबांनी चहा पिता पिता सांगितलं, “साहेब, पोरं महिनाभर त्याचीच वाट बघत होती. बायकासुद्धा. कमांडिंग साहेबांच्या मॅडमनी मला विचारलं, लावणी का नाही झाली?”

पुढच्या वर्षीच्या बड्या खान्याआधी मी त्याला विचारलं, या वेळी करशील का? तो म्हणाला, “साहेब, आता सराव राहिला नाही.” त्यानं पुन्हा कधी चाळ बांधले नाहीत. माझी बदली झाली, तो पेन्शनवर गेला. पलटणीच्या मेळाव्याला दोनदा भेटला. आम्ही मुलांच्या शिक्षणाबद्दल बोललो, गुडघेदुखीबद्दल बोललो. तो विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

येत्या डिसेंबरमध्ये पुन्हा मेळावा आहे. या वेळी मी विचारणार आहे, शालू अजून ट्रंकेत आहे का. काय उत्तर येतं ते तुम्हाला सांगेन.

पुढच्या भागात पुन्हा युद्धाकडे वळू. जय हिंद.