शूटर्स हिलवरचा सुवर्णदुर्ग

लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिलच्या दाट झाडीत एक तिकोनी मनोरा उभा आहे. उंची ६३ फूट, तिन्ही कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, टोकदार कमानींच्या खिडक्या. नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. नावाने किल्ला असला तरी तो लढण्यासाठी बांधलेला नाही. हर्णैसमोरच्या समुद्रातला आपला सुवर्णदुर्ग पडला, त्याचं हे स्मारक.

सुवर्णदुर्ग तेव्हा आंग्र्यांच्या ताब्यात होता आणि त्यांच्या आरमाराचा धाक ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना कित्येक वर्षं होता. त्यातच तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं. पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि कंपनीच्या आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचं ‘प्रोटेक्टर’ जहाज घेऊन निघाला. सोबत मराठ्यांचंही आरमार होतं. भडिमारात किल्ल्यातल्या छपरांना आग लागली, दारूकोठार उडालं आणि २ एप्रिल १७५५ रोजी सुवर्णदुर्ग पडला. पुढे तो पेशव्यांच्या हवाली झाला. आपसातलं वैर मिटवायला तिसऱ्याला बोलावलं, त्याची किंमत मराठी आरमाराने मोजली. पुढच्याच वर्षी विजयदुर्गात आंग्र्यांची जहाजं जळाली.

जेम्स मायदेशी परतला, कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात बसला, सरदारकी मिळवली. १७८३ मध्ये तो वारला. त्याची पत्नी अ‍ॅन हिने दुसऱ्याच वर्षी, १७८४ मध्ये, वास्तुविशारद रिचर्ड जप याच्याकडून हा मनोरा बांधून घेतला. नवऱ्याची सारी कारकीर्द समोर असताना तिने स्मारकासाठी निवडला तो सुवर्णदुर्ग. त्या निवडीतला अभिमान समजू शकतो. पण दारावरचा शिलालेख वाचला की मन खट्टू होतं. त्यात विजयाची तारीख आहे, जेम्सचं शौर्य आहे, सुवर्णदुर्ग ‘मलबार किनाऱ्यावर’ असल्याचं लिहिलं आहे. पेशव्यांचा मात्र उल्लेखसुद्धा नाही. आणि तुळाजी आंग्रे? तो पुढच्याच वर्षी पेशव्यांच्या कैदेत पडला आणि कैदेतच वारला. त्याचंही नाव इथे नाही.

मनोऱ्याचा उपयोग मात्र लवकरच झाला. ग्रीनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळा त्रिकोणमितीने जोडण्याच्या मोजणीत विल्यम रॉय याने इथून वेध घेतले. १९२२ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने तो विकत घेतला, दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्यांवर इथून नजर ठेवली गेली. १९८६ मध्ये दारं बंद झाली. स्थानिक लोकांनी न्यास काढून, निधी जमवून डागडुजी केली आणि २०१४ मध्ये मनोरा पुन्हा खुला केला.