भिंतीवरची रेघ

आजचा विषय कृष्णेच्या पुराचा, पण सुरुवात वाऱ्यापासून करतो. ७ एप्रिल १८८८ रोजी ढाका शहरात बुढीगंगेच्या काठावर टोर्नेडो आला. सगळा खेळ मिनिटांचा. शंभरावर माणसं गेली, नदीकाठच्या नवाबांच्या अहसान मंझिल वाड्याची मोठी पडझड झाली. टोर्नेडो अरुंद पट्टा धरून जातो. या गल्लीतलं छप्पर उडतं, पलीकडच्या गल्लीतला पत्राही हलत नाही. पुढचा टोर्नेडो याच पट्ट्यातून येईल, असं मात्र कुणी धरून चालत नाही.

नदीचं उलट आहे. ती वाट बदलत नाही, आणि येते ती मोजून येते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. त्या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. पावसाळ्यात आपल्याकडं माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, 'किती फूट झालं?' पूर ओसरला की भिंतीवर गाळाची रेघ उरते. ही रेघ म्हणजे आपला इतिहास. या इतिहासाचा आपण उपयोग कसा केला, एवढंच आज बघायचं आहे.

हरिपूरची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, हळद वर्षानुवर्षं सांभाळणारी. तिथल्या मातीवर व्यापाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरवसा, आणि तो अनुभवातून आलेला होता. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. हळद गेली, आणि हळूहळू साठवणूक गोदामांकडं वळली.

२००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं. गावानं ती रेघ लक्षात ठेवली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा अनेकांनी माल त्या रेघेच्या वर रचला, गाड्या उंचावर नेल्या आणि घरातच थांबले. 'पाच साली इथवर आलं होतं, त्याच्या वर कशाला येतंय?' पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. गणपती पेठ, हरभट रोड, मारुती चौक पाण्यात. रचलेला माल भिजला, आणि थांबलेल्या माणसांना बोटीनं काढायची वेळ आली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला अशीच माणसं घेऊन निघालेली बोट उलटली. सतरा जीव गेले.

इथं मला डेव्हिड ह्यूम आठवतो. अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ. त्यानं विचारलं, आजवर सूर्य रोज उगवला, म्हणून उद्या उगवेलच हे कशाच्या आधारावर म्हणता? वर्गात मुलं या प्रश्नाला हसायची. पण आपल्या गावानं त्याची किंमत मोजली आहे. पाणी 'इथवर आलं होतं' हे खरं. त्यातून 'इथवरच येतं' हे निघत नाही. मधला तो 'च' आपण पदरचा घातला, आणि इशारा होता त्याची हमी करून टाकली.

नकाशावरच्या रेषांचंही तेच. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. लोक समजतात, एकदा आला, आता शंभर वर्षं निवांत. तसं नसतं. दर वर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. तीस वर्षांच्या घरकर्जाच्या मुदतीत लाल रेषेचा पूर येण्याची शक्यता साधारण चारात एक होते, आणि निळ्या रेषेच्या आत ती दहात सात. हा हिशोब घर विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. २००५ नंतर मोठा पूर यायला चौदा वर्षं लागली. त्यानंतर दोनच. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५४ फुटांच्या पुढं होतं.

म्हणून एवढंच सांगतो. जुन्या रेघा पुसू नका, मुलांना दाखवा. पण दाखवताना त्या रेघेच्या वरच्या कोऱ्या भिंतीवरही बोट ठेवा. आणि पुढच्या वेळी बाहेर पडायचा निरोप आला की रेघ बघत बसू नका, निघा.