एफसी : एका आडनावाची कुळकथा

फेडोरा लिनक्सच्या संगणकावर काय काय बसवलेलं आहे याची यादी मागवली की हजार-दीड हजार ओळी पडद्यावरून सरसर वर जातात. मराठी माणसाचं यंत्र असेल तर 'लोहित-मराठी-फॉन्ट्स' या नावानं सुरू होणारी एखादी ओळ त्यात सापडू शकते. रेड हॅट कंपनीनं २००४ साली भारतीय लिप्यांसाठी खुले केलेले हे लोहित फॉन्ट. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावातल्या 'रेड'ला साजेसा. ती ओळ शेवटपर्यंत वाचा. आधी नाव, मग आवृत्तीचा आकडा, मग त्या आवृत्तीची ही कितवी बांधणी तो आकडा, मग 'एफसी' ही दोन अक्षरं आणि त्यांना चिकटून आणखी एक आकडा. सगळ्यात शेवटी 'नोआर्च', म्हणजे प्रोसेसर कुठल्याही जातीचा असो, चालेल.

'एफसी'नंतरचा आकडा फेडोराच्या आवृत्तीचा. 'एफ' फेडोराचा. मग 'सी' कुणाचा? फेडोरा लिनक्स या नावात तर कुठंच 'सी' नाही.

तो 'सी' एका पडलेल्या भिंतीची खूण आहे. घरचं सॉफ्टवेअर एका बाजूला आणि बाहेरचं दुसऱ्या बाजूला ठेवणारी ती भिंत. ती उभी का राहिली आणि पुढे पडली का, हे सांगायचं तर लिनक्सवर बाहेरून पॅकेज आणण्याच्या सगळ्या खटाटोपाचीच कुळकथा सांगावी लागते.

हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. नुसता गाभा म्हणजे घराचं जोतं. वरचं घर ज्यानं त्यानं बांधायचं. प्रोग्राम मिळत ते 'टारबॉल' म्हणून. 'टार' हा 'टेप आर्काइव्ह'चा संक्षेप, चुंबकीय फितीवर फायलींचं गाठोडं बांधून ठेवायच्या युनिक्सच्या जुन्या दिवसांतला. फीत गेली, गाठोडं राहिलं. ते सोडायचं, 'कॉन्फिगर' टाइप करायचं, मग 'मेक', मग पंख्याची घरघर ऐकत बसायचं आणि शेवटी 'मेक इन्स्टॉल'. प्रोग्राम तुमच्याच यंत्रावर, तिथं असलेल्या लायब्रऱ्यांच्या मापानं कंपाइल व्हायचा. शिंप्याला अंगावरचं माप देऊन शिवलेला सदरा जसा बसतो तसा तो बसायचा. अडचण यायची ती नंतर. फायली यंत्रभर पांगलेल्या, आणि कुठली फाईल कुणाची याची नोंद कुठंच नाही. सहा महिन्यांनी तोच प्रोग्राम काढून टाकायचा म्हटलं की काय पुसावं आणि काय ठेवावं, हे सांगणारं कुणी नसे.

नोंदवहीची गरज एकाच सुमारास बऱ्याच जणांना भासली. १९९३ साली आलेल्या स्लॅकवेअरमध्ये पॅट्रिक व्होल्करडिंगनं प्रत्येक पॅकेजच्या फायलींची साधी यादी ठेवली. त्याच वर्षी इयन मर्डॉकनं डेबियन सुरू केलं, प्रेयसी डेब्रा आणि स्वतः इयन अशा दोघांची नावं जोडून. त्यातून 'डीपीकेजी' आलं. रेड हॅटमध्ये मार्क यूइंग आणि एरिक ट्रोन यांनी १९९५ साली 'आरपीएम' आणलं. आता कंपाइल करत बसायला नको. तयार पॅकेज आणा आणि बसवा. पॅकेज येताना स्वतःची ओळखचिठ्ठीही आणू लागलं: मी कोण, माझ्या फायली कुठं कुठं जातील, आणि मला चालायला काय काय लागेल.

पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ या चिठ्ठीच्या शेवटच्या कलमात आहे. पॅकेज बांधताना आरपीएम त्यातले प्रोग्राम तपासतं आणि ते कुठल्या सामायिक लायब्रऱ्यांवर विसंबून आहेत ते आपोआप टिपून घेतं. अशा लायब्ररीच्या नावात एक आकडा असतो. तिची आतली मांडणी जुन्या प्रोग्रामना चालेनाशी झाली की तो बदलायचा असतो. म्हणजे मागणी नोंदली जाते ती बांधणाऱ्याच्या यंत्रावर जे होतं त्याची. तुमच्या यंत्रावर काय आहे ते त्याला कुठून ठाऊक? मापाचा सदरा जाऊन तयार सदरा आला, आणि कॉलरवरची पट्टी वाचून घेण्याची पाळी आली.

पट्टी न वाचणाऱ्याला पडद्यावर 'फेल्ड डिपेंडन्सीज' ही ओळ भेटायची. आपल्याकडे अनेकांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते पीसी क्वेस्ट मासिकासोबत आलेल्या सीडीवर. सीडीवर होतं तेवढं सुखानं बसायचं. एखादी गोष्ट बाहेरून आणायची म्हटलं की सायबर कॅफे गाठायचा, पॅकेज उतरवून घ्यायचं आणि घरी यायचं. ते पॅकेज दोन लायब्रऱ्या मागायचं, त्यातली एक आणखी तीन मागायची, आणि त्यातल्या तिसरीला नेमकी यंत्रावरची एक लायब्ररी नको असायची. तिला हलवावं तर निम्मा डेस्कटॉप तिच्यावर उभा. या प्रकाराला जगभर 'डिपेंडन्सी हेल' असं नाव पडलं.

शोधायला आरपीएमफाइंडसारख्या सोयी निघाल्या होत्या. एक नाव टाकलं की त्या नावाची वीस पॅकेजं पुढे यायची: रेड हॅटचं, सुसेचं, मँड्रेकचं. सगळ्यांच्या शेवटी 'आरपीएम', पण प्रत्येकाच्या घरचं वळण निराळं. फायली ठेवायच्या जागा वेगळ्या, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या, एकाच वस्तूची नावंही वेगळी. भाषा एक असली म्हणून सोयरीक जुळतेच असं नाही. 'नोडेप्स' हा पर्याय देऊन चिठ्ठीकडे काणाडोळा करता येई. मग पॅकेज निमूट बसायचं आणि प्रोग्राम चालू करायला गेलं की लायब्ररी सापडत नाही म्हणून तिथंच बंद पडायचा.

साखळीचं ओझं माणसाच्या डोक्यावरून यंत्राकडे गेलं ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस. डेबियनचं 'एपीटी' १९९९ च्या २.१ या आवृत्तीबरोबर सगळ्यांच्या हाती आलं. आरपीएमच्या कुळात हे काम 'यम'नं केलं. पॉवरपीसी यंत्रांसाठीच्या यलो डॉग लिनक्सचं 'यप' नावाचं अवजार होतं. ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या सेथ विडालनं सहकाऱ्यासह ते नव्यानं घडवलं आणि नाव ठेवलं 'यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड'. यमला रेपोचा, म्हणजे पॅकेजांच्या भांडाराचा, पत्ता द्यायचा, की रेपोतल्या पॅकेजांची यादी वाचून हवं ते पॅकेज आणि त्याचा सगळा गोतावळा ते स्वतःच आणायचं.

आता पॅकेज शोधण्याऐवजी रेपो शोधायला सुरुवात झाली. त्याला तातडीचं कारणही होतं. रेड हॅटनं २००२ साली ८.० या आवृत्तीतून पेटंटच्या धास्तीनं एमपी३ वाजवण्याची सोयच काढून टाकली. गाणं ऐकायचं तर बाहेर जाणं भाग. फ्रेशआरपीएम्स, लिव्हना, डॅग अशी हौशी, कसबी माणसांची भांडारं वाढली. एकेकटं भांडार उत्तम चालायचं. दोन भांडारं एका यंत्रावर जोडली की बिनसायचं: दोघांकडे तीच लायब्ररी, पण वेगळ्या पर्यायांनी बांधलेली. यम बिचारं आकडा मोठा दिसेल ती उचलायचं, आणि एका भांडाराचा व्हिडिओ प्लेअर दुसऱ्याच्या लायब्ररीवर जाऊन आपटायचा.

इथं वॉरन टोगामी या कथेत येतो. हवाई विद्यापीठात शिकताना २००२ साली त्यानं एक प्रकल्प हाती घेतला. रेड हॅटसाठी बाहेरून येणारी पॅकेजं एकाच ठिकाणी असावीत, एकाच नियमानं बांधलेली असावीत आणि दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय फळीवर चढू नयेत. नाव ठेवलं 'फेडोरा लिनक्स'. रेड हॅटच्या २०१९ पर्यंतच्या बोधचिन्हातल्या माणसाच्या डोक्यावर असायची ती काठाची टोपी म्हणजे फेडोरा.

या भांडारातल्या पॅकेजाचं आडनाव नीट पाहण्यासारखं होतं. बांधणीचा क्रमांक '०.एफडीआर.१' असा सुरू व्हायचा. पुढचं शून्य मुद्दाम घातलेलं. उद्या रेड हॅटनं तोच प्रोग्राम स्वतः बांधला तर त्यांचा क्रमांक एकपासून सुरू होईल, शून्यापेक्षा मोठा ठरेल, आणि यंत्र आपोआप घरच्या पॅकेजाला जागा करून देईल. पंगतीत यजमानाच्या आधी पाटावर बसायचं नाही, ही पाहुण्याची रीत त्या एका शून्यात होती. लिव्हनाही याच चालीनं '०.एलव्हीएन' लावायचं. नावाच्या शेपटाकडे बघून पॅकेज कुठून आलं ते ओळखायची सवय लोकांना इथंच लागली.

पुढे पाहुण्याच्याच नावानं घर ओळखलं जाऊ लागलं. २००३ साली रेड हॅटनं आपलं जुनं रेड हॅट लिनक्स थांबवायचं ठरवलं. कंपन्यांसाठी वेगळं विकाऊ लिनक्स आणि बाकी सगळ्यांसाठी लोकांसोबत घडवायचं एक मोकळं लिनक्स, अशी वाटणी झाली. त्या मोकळ्या लिनक्सनं टोगामीचा प्रकल्प पोटात घेतला आणि त्याचं नावही घेतलं. नोव्हेंबर २००३ मध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीचं नाव होतं 'फेडोरा कोअर १'. 'कोअर' म्हणजे रेड हॅटच्या नोकरीतल्या माणसांनी सांभाळायचा भाग. बाहेरच्यांनी सांभाळायच्या पॅकेजांसाठी दुसरी फळी, 'एक्स्ट्राज'. 'एफसी'तला तो 'सी' या कोअरचा.

भिंत चार वर्षांच्या आतच पडली. मे २००७ मध्ये फेडोरा ७ आलं तेव्हा कोअर आणि एक्स्ट्राज एक झाले. घरचा-बाहेरचा हा भेद गेला, दोघांनाही तपासणीचे तेच नियम लागू झाले. पेटंट आणि परवान्यांमुळे जे या घरात येऊच शकत नव्हतं, त्यासाठी लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल ही भांडारं २००८ साली एकत्र येऊन 'आरपीएम फ्यूजन' झालं. कंपन्यांच्या लिनक्ससाठी 'एपेल' हे भांडार उभं राहिलं. त्याचा मोठा नियम हाच की मूळ घरातलं एकही पॅकेज आपल्या पॅकेजानं झाकायचं नाही. टोगामीच्या शून्यातली रीत इथं लेखी नियम झाली. एमपी३ची पेटंटं संपत आली आणि ज्या गाण्यापायी लोक घराबाहेर पडले होते ते २०१६ साली पुन्हा घरात आलं.

बाहेरचं पॅकेज आपल्या यंत्राला चालेल का, हा प्रश्न आजही या वळणानंच सोडवावा लागतो. शेपूट वाचायचं. 'ईएल९' असेल तर ते फेडोराच्या नव्हे, कंपन्यांच्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीच्या घरात बांधलेलं आहे. 'एफसी'चा आकडा आपल्या फेडोराच्या आकड्याशी जुळतो का ते बघायचं, मग प्रोसेसरची जात. रेपो जोडताना त्याची सहीची किल्ली तपासून घ्यायची, आणि एकाच गोष्टीचे दोन रेपो शेजारी ठेवायचे नाहीत. फ्लॅटपॅकनं वेगळा मार्ग धरला: प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या त्याच्या सोबतीनंच आणायच्या, घरच्यांकडे मागायच्याच नाहीत. डिस्कवर जागा जास्त जाते, पण सोयरीक जुळवत बसावं लागत नाही.

राहता राहिला तो 'सी'. कोअर हे नाव २००७ मध्ये गेलं तर 'एफसी ६' नंतर सरळ 'एफ ७' का आलं नाही? कारण आरपीएम नावाचे तुकडे पाडून तुलना करतं: आकडे आकड्यांसारखे, अक्षरं शब्दकोशातल्या क्रमानं. शब्दकोशात 'एफ' आधी येतो आणि 'एफसी' नंतर. त्यामुळे बाकी सगळे आकडे सारखे असलेल्या दोन पॅकेजांत आरपीएमला 'एफ ७' जुनं वाटलं असतं आणि 'एफसी ६' नवं, आणि यंत्र जुन्यालाच धरून बसलं असतं. म्हणून अक्षरं तशीच ठेवली.

आपल्याकडे पाटीलकी गेली, कुलकर्ण्यांची दफ्तरं सरकारात जमा झाली, आणि आडनावं मात्र शाळेच्या हजेरीपटावर चालूच राहिली. ती बदलली तर दाखल्यावरचा मुलगा आणि समोरचा मुलगा एकच हे पटवताना दमछाक होते. लोहित मराठीच्या शेपटातला 'सी' त्याच कारणानं राहिला आहे.