तार, बिनतारी आणि आपला रेडिओ

 

गटाच्या बैठकीत हप्ते आणि वसुली आटोपली, की हल्ली एक विषय हमखास निघतो. लेकीला इअरफोन हवेत. वायरचे घ्यावेत की बिनवायरचे? मुली म्हणतात, वायर आता जुनी झाली. आया म्हणतात, वायरवाले शंभर-दीडशे रुपयांत मिळतात, मग जास्त पैसे कशाला? दोघींचंही काही चूक नाही. पण या वादामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात बायका जागोजागी भेटतात. तो आज सांगते. शेवटी नवा फोन घेताना काय बघायचं, तेही सांगेन.

सुरुवात टेलिफोनपासून करू. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचं पेटंट घेतलं. १८८२ मध्ये मुंबई, कोलकाता आणि चेन्नईला टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी फोन आपोआप लागत नसे. एक्स्चेंजमध्ये मोठी फळी असायची आणि तिला ओळीने भोकं. कोणाला कोणाशी बोलायचंय ते ऐकून ऑपरेटर वायरची पिन त्या भोकात खोचायची आणि दोन घरं जोडायची. अमेरिकेत आधी या कामावर मुलगे होते. १८७८ साली बॉस्टनमध्ये एमा नट नावाची बाई या कामावर लागली, ती पहिली महिला ऑपरेटर. पुढे जगभर हे काम मुख्यतः बायकांचंच झालं. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून त्यांना कानाला लावायचं यंत्र दिलं. सुरुवातीचं यंत्र काही किलो वजनाचं होतं, खांद्यावर पेलावं लागायचं. म्हणजे कानाला यंत्र लावून दिवसभर कष्ट करणाऱ्यांत बायका अगदी पहिल्यापासून आहेत. आणि आपल्या मोबाईलला इअरफोनचं जे साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक असतं, ते त्या फळीवरच्या भोकाचंच धाकटं भावंडं.

आता बिनतारीकडे येऊ. आपल्याकडे ‘तार आली’ म्हटलं की घरात धस्स व्हायचं, कारण तार बहुधा वाईट बातमी घेऊन यायची. त्या तारेशिवाय निरोप जाऊ शकतो हे दाखवणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बोस होते. १८९५ साली कोलकात्यात त्यांनी भिंतीपलीकडून, मधे कुठलीही तार नसताना, घंटा वाजवून दाखवली. पुढे गॅलिना नावाच्या खनिजाचा स्फटिक या लहरी ओळखतो, याचं पेटंटही त्यांनी घेतलं.

अशाच स्फटिकावर लोकांचे पहिले घरगुती रेडिओ चालले. त्यांना वीज लागत नसे, बॅटरीही लागत नसे. हवेतून आलेल्या लहरीत जेवढी ताकद, तेवढाच आवाज. तो इतका बारीक, की कानाला हेडफोन लावल्याशिवाय ऐकू येत नसे. अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१० च्या सुमारास चांगले हेडफोन बनवले आणि तिथल्या नौदलाने ते घेतले. त्याचा कारखाना म्हणजे त्याच्या घरचं स्वयंपाकघर! लोणची-पापडाचा उद्योग स्वयंपाकघरातून करणाऱ्या आपल्या गटांना हे ऐकून बरं वाटेल.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेडिओ बिनतारी, पण लहर पकडायला तार लागायचीच. छपरावर लांब तार बांधावी लागे. आपल्या आज्यांना आठवत असेल, जुन्या घरांत आढ्याखाली जाळीची एक पट्टी ताणलेली असायची. तीच एरियल. ती सुटली की रेडिओ नुसता खरखरायचा.

२३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. रेडिओचा आवाज मोठा झाला, तशी ऐकणारी माणसंही वाढली. आधी एकाच्या कानातला आवाज आता सगळ्या ओसरीचा झाला. १९५६ साली आकाशवाणीने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं केली. सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. आपण गटात बसून हा कार्यक्रम ऐकतो, ती रीत अशी जुनी आहे. बायकांसाठी मुंबई केंद्रावरचं ‘वनिता मंडळ’ तर कित्येक घरांत दुपारचा सोबती होतं.

आता १९४२ चा ऑगस्ट. ‘चले जाव’ची हाक दिली गेली आणि पुढाऱ्यांना तुरुंगात टाकलं. तेव्हा मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता यांनी सोबत्यांना घेऊन गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवर तो लागायचा. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारख्या बदलल्या. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या, चार वर्षांची शिक्षा झाली आणि आपल्या येरवड्याच्या तुरुंगात त्यांना ठेवलं.

गंमत बघा, त्याच महिन्यात, ११ ऑगस्ट १९४२ ला, अमेरिकेत हेडी लमार नावाच्या सिनेनटीला आणि तिच्या संगीतकार मित्राला एक पेटंट मिळालं. बिनतारी संदेश शत्रूने अडवू नये म्हणून त्याची लहर सतत बदलत ठेवायची, ही त्यांची युक्ती. आज मुलींच्या कानातलं ब्लूटूथ याच तत्त्वावर चालतं, सेकंदाला सोळाशे वेळा जागा बदलतं. मुंबईत उषाताई केंद्राची जागा बदलत होत्या आणि तिकडे ही बाई लहरीची!

बिनतारीचं सगळ्यात मोठं काम तर आपल्या उंबऱ्याशी आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. आकाशातून आलेल्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या ऐकतात. डोंगरांचा आडोसा आणि शहरी गोंगाटापासून दूर, म्हणून ही जागा निवडली. तिथे गेलं की मोबाईल बंद करायला सांगतात, कारण आपल्या फोनच्या लहरींपुढे आकाशातला आवाज दबून जातो. पण तबकडीने बिनतारी पकडलेला आवाज मुख्य इमारतीपर्यंत जातो तो काचेच्या तंतूंच्या केबलमधून. एवढ्या मोठ्या दुर्बिणीलाही वायर सोडता आलेली नाही.

मग मोबाईलमधली वायर का जाऊ लागली? २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधलं ते गोल भोकच काढून टाकलं आणि बिनवायरचे बड्स वेगळे विकायला आणले. हळूहळू इतर कंपन्यांच्याही पुष्कळ फोनमधून ते गेलं. बिनवायरचे फायदे खरे आहेत. शिवणयंत्रावर वायर अडकत नाही, कडेवरचं लेकरू ती ओढत नाही. पण ते रोज चार्ज करावे लागतात, एखादा चिखलात पडला की सापडत नाही आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी थकली की सहसा दुरुस्तीही होत नाही.

आणि मुख्य तोटा दुकानदार सांगत नाही. मघाची एरियल आठवा. बहुतेक मोबाईलमध्ये एफएम रेडिओ ऐकताना इअरफोनची वायर हीच एरियल असते. वायर काढली की स्टेशन गायब. रेडिओच्या लहरी फुकट आहेत, त्यांना ना रिचार्ज लागतो ना नेट. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ मध्ये सरकारने सामाजिक संस्थांना स्वतःचा रेडिओ चालवायची परवानगी दिली. २००८ साली तेलंगणातल्या पस्तापूरच्या बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. एवढ्या खटपटीने आपल्या हाती आलेला रेडिओ फोनमधलं एक भोक बुजल्यामुळे हातचा जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही मोबाईल कंपन्यांना फोनमधला एफएम चालू ठेवायला सांगितलं, कारण पूर आला, नेट बंद पडलं, तर रेडिओच कामाला येतो.

तेव्हा फोन घ्यायला गेलात की दोन गोष्टी विचारा. एफएम आहे का, आणि ते ऐकायला वायर लावायची सोय आहे का. दुकानातच लावून बघा. वायरचा एक इअरफोन घरात ठेवाच. ऐपत असेल आणि कामाला सोयीचे असतील, तर मुलीला बिनवायरचेही घ्या.

कुठलेही घेतलेत तरी आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तासच ऐकावा.

आणि उसात जाताना कानात काहीच नको. आपल्या भागात बिबट्या कुठल्या सरीत बसला असेल, नेम नाही. वनखातं सांगतं, अंधारात एकटं जावं लागलं तर मोबाईलवर गाणी मोठ्याने लावा, आवाज करत चला. तिथे वायर काढा, बड्सही काढा आणि फोनचा आवाज सोडा मोकळा. त्यालाही कळू दे, बाई येतेय.