ध्रुवसागरातील तैलभक्षक

२८ जानेवारी १९८९ रोजी अंटार्क्टिकातील अँव्हर्स बेटालगत आर्जेंटिनाचे ‘बाहिया पाराइसो’ हे जहाज खडकावर आदळले. माणसे वाचली, परंतु सुमारे ६ लक्ष लिटर इंधन, बहुतांशी डिझेल, त्या निर्मळ जळात सांडले. इतक्या थंडीत तेल पचविणार कोण, अशी शंका आम्हांसही येते. तथापि त्याच खंडाच्या रॉस समुद्रातील पाण्यात मिळालेल्या ‘ओलेइस्पिरा अंटार्क्टिका’ या जीवाणूचे वर्णन शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केले. तेलातील कर्बद्रव्ये हेच त्याचे अन्न. शून्याजवळच्या थंडीतही तो वाढतो. एरवी विरळ असलेले असे जीव तेल सांडताच झपाट्याने बहरतात. मात्र नुसत्या तेलावर त्यांचे भागत नाही. नत्र व स्फुरद अपुरे पडले की काम मंदावते. अँव्हर्सच्या खडकांवरील शंखजीव तर पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने मेले होते. त्यांच्यासाठी जीवाणू फार उशिरा येतात.